मागचा कोपरा

फोन वाजला तेव्हा कलगोंडाचे दोन्ही हात सिमेंटनं भरलेले होते आणि काच भिंतीवर एकाच बाजूनं चिकटलेली होती.

“मास्तर, तेवढा फोन घ्या की. खिशात हाय. स्पीकरवर टाका.”

चिकोडीतल्या त्या रिटायर मास्तरांनी त्याच्या शर्टाच्या खिशातून फोन काढला आणि त्याच्या तोंडापुढं धरला. माजघराच्या भिंतीत वाशापासून खिडकीपर्यंत भेग पडली होती, म्हणून मास्तरांनी त्याला बोलावलं होतं. कलगोंडा गवंडी. पण गेली दहा-बारा वर्षं लोक त्याला बांधायला कमी आणि भेगा बघायला जास्त बोलवत. निपाणीपासून चिकोडीपर्यंतच्या काळ्या रानात जुनं घर म्हटलं की भेग आलीच. त्याची रीत साधी होती. भेगेवर काचेची पट्टी आडवी धरायची, दोन्ही टोकं सिमेंटनं भिंतीला पक्की करायची आणि वर पेन्सिलीनं तारीख घालायची. पुढं काच शाबूत राहिली तर भेग मेलेली. काच फुटली तर भेग जिवंत.

“कलगोंडा, कुठं हाईस?” शेजारची धोंडूबाई होती. सत्तरीची, एरवी फोनवर ओरडून बोलणारी. आज आवाज बारीक होता.

“चिकोडीत हाय आक्का. का?”

“अक्काताई पडलीया. मागल्या कोपऱ्याला.”

“लई लागलंय काय?”



“तू ये रं. सावकाश ये.”

कलगोंडाला कळलं. लवकर ये म्हटलं असतं तर काहीतरी उरलेलं असतं. सावकाश ये म्हटलं, म्हणजे आता गडबड करण्यासारखं काही नव्हतं.

मास्तरांनाही कळलं. “शिव शिव” म्हणत त्यांनी त्याच्या हातातली थापी काढून घेतली, बादलीतलं पाणी त्याच्या हातांवर घातलं आणि शेजारच्याची मोटारसायकल मागवली. मागं बसून जाताना कलगोंडाला बायकोचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा होता, पण त्याला सारखी ती एका बाजूनं चिकटलेली काच दिसत होती.

अक्काताई अठ्ठावन्न वर्षांची होती. काही दुखणं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. धोंडूबाईनं आल्या-गेल्याला तेच तेच सांगितलं, “मी धुणं वाळत घालालतो. बघितलं तर ही मागल्या कोपऱ्याला बसलीया. पडली म्हणायचं, पर बसल्यागतच हुती, भिंतीला टेकून. हातात तांब्या. पाणी बी सगळं सांडलं न्हवतं बघा.”

लोक रडले, पाहुणे आले, पाहुणे गेले. मुलगा जिनेंद्र बेळगावला एका कारखान्याच्या ऑफिसात होता. तो आणि सून प्रणिता दहा दिवस राहिले आणि जाताना म्हणाले, “आप्पा, चला आमच्यासंगं.” कलगोंडा म्हणाला, “बघू.”

भेग दिसली ती एकोणिसाव्या दिवशी.

घराचा पुढचा भाग वडिलांनी बांधलेला, दगड-मातीचा. मागची खोली कलगोंडानं स्वतःच्या हातानं बांधली होती, जिनेंद्र पोटात असताना. पक्क्या विटा, वर मंगलोरी कौलं. एकतीस वर्षं त्या खोलीत अक्काताईचा संसार होता. चूल तिथं, पुढं शेगडी आली ती तिथं, झोपणं तिथं. एकतीस वर्षांत त्या भिंतीला केसाएवढी चीर गेली नव्हती. गावात कोणी कलगोंडाला चिडवायचं म्हटलं तर म्हणे, “दुसऱ्याच्या भेगा बघत फिरतोय, सोताच्या घरात एक बी ठिवली न्हाय गड्यानं.”

सकाळी चहाचं भांडं ठेवताना त्याला ती दिसली. वाशाखालून निघून खिडकीच्या कोपऱ्यातून विटांच्या सांध्यांनी पायरी-पायरीनं मागच्या कोपऱ्याकडं उतरलेली. वर रुंद, खाली बारीक. असली भेग वाचायला त्याला क्षणभरही लागत नसे. वर रुंद म्हणजे टोक खाली चाललंय. मागचा कोपरा बसत होता.

त्यानं काच मारली. तारीख घातली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो कॉटवर पडला होता, आणि खोलीत कोणीतरी तांब्या जमिनीवर ठेवावा तसा आवाज झाला. टक्. एवढाच. तो उठून बसला. काच मधोमध फुटली होती.

दुसरी काच पाच दिवस टिकली. तिसरी चार. प्रत्येक वेळी दुपारचीच वेळ आणि तोच आवाज. तिसऱ्या वेळी तो जागा होता आणि भिंतीकडंच बघत होता. काच फुटताना दिसली नाही. आधी आवाज आला, मग चीर दिसली.

त्यानं भरमूला बोलावलं. भरमूनं त्याच्याबरोबर पंचवीस वर्षं विटा लावल्या होत्या आणि तोंडाचा तोफखाना म्हणून तो पंचक्रोशीत ठाऊक होता.

“आयला, कलगोंड्या,” भेग बघून भरमू म्हणाला, “वैद्याच्याच घरात मरी आली म्हणायची.”

“चेष्टा ऱ्हाऊ दे. बघ.”

दोघांनी सगळं बघितलं. नळाची पाइप कोरडी. मोरीचं पाणी दुसऱ्या अंगाला. झाड जवळ नाही. शेजारी कोणी खोदकाम काढलेलं नाही. उंदरांनी पोखरलेलं नाही.

“खाली काय हाय?” भरमूनं विचारलं.

कलगोंडानं टाचेनं कोपऱ्यातली फरशी ठोकली. मग म्हणाला, “आड.”

“आँ?”

“घरातला जुना आड. खोली बांधताना जागा कमी पडालती. बुजीवला आणि कोपरा घेतला त्येच्या काठावर.”

भरमूनं त्याच्याकडं बघितलं. कलगोंडा लोकांना काय सांगत असे ते त्याला पाठ होतं. बुजवलेल्या विहिरीवर पाया घेऊ नका, बुजवलेल्या विहिरीवर पाया घेऊ नका. भाषण केल्यासारखा सांगायचा.

“म्हंजे घावलं की कारण,” भरमू म्हणाला. “आड बसालाय.”

“एकतीस वर्सं का बसला न्हाय मग?”

भेग का पडली हे कुठलाही इंजिनियर सांगतो. काळी माती, कच्चा पाया, बुजवलेला आड, काहीही म्हणता येतं. पण आत्ता का पडली, हे ज्याला सांगता येईल त्यालाच भेग कळली, असं तो मानत आला होता. आणि इथं त्याला काहीच सांगता येत नव्हतं. त्या घरात काही बदललं नव्हतं. एक सोडून.

आड बुजवला तो दिवस त्याला आठवत होता. दोन गाड्या मुरूम आणि विटांचे तुकडे टाकले होते. अक्काताई पोट सावरत मागच्या दारात उभी राहून काहीतरी म्हणाली होती. तो काहीतरी म्हणाला होता आणि ती आत गेली होती. काय म्हणाली होती ते मात्र आठवत नव्हतं.

भरमूनं देवघरातून एक पेटती उदबत्ती आणली आणि कोपऱ्यात, जिथं फरशी भिंतीपासून बोटभर सुटली होती, तिथं धरली. वारा कुठंच नव्हता. उदबत्तीचा धूर आधी सरळ वर गेला. मग वाकला. मग फटीत शिरू लागला, अगदी शिस्तीनं, खालून कोणी ओढून घेत असल्यासारखा. वर येईचना.

भरमूनं उदबत्ती विझवली. तो दारापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, “कलगोंडा, एक सांगू? रागवू नगंस. वैनीचा जीव अडकलाय हितं.”

“आमच्या जैनांत न्हाय तसलं,” कलगोंडा म्हणाला. ते खरंही होतं. महाराजांच्या प्रवचनात त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. जीव एक देह सोडतो तसा लगेच दुसरा धरतो. थांबत नाही, घुटमळत नाही, मागं वळून बघत नाही. अक्काताई एव्हाना कुठंतरी जन्माला आली असेल किंवा येणार असेल. ती इथं नव्हती.

मग धूर कोण ओढत होतं, हे त्यानं भरमूला विचारलं नाही.

एप्रिल लागला. त्या वर्षी वळवानं हूल दिली. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. मागच्या खोलीचं दार आता दुपारी आपोआप उघडू लागलं. आधी कडी खडखडायची, मग दार सावकाश आत यायचं आणि भिंतीला टेकून थांबायचं. चौकट कलली की दार आपल्या वजनानं फिरतं, हे कलगोंडाला माहीत होतं. शंभर घरांत त्यानं ते बघितलं होतं. लोकांना तो हसून सांगायचा, भूत न्हाय हो, ओळंबा सुटलाय. पण ते दार रोज जेवणाच्या वेळेला उघडत होतं, आणि माणूस आत यायला लागतो तेवढा वेळ थांबून मगच स्थिर होत होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो ताट घेऊन दाराकडं पाठ करून बसू लागला. मग त्याला तेही जमेना. तो दाराकडं तोंड करून बसू लागला.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जिनेंद्र आला. त्यानं भेग बघितली, फुटलेल्या तीन काचा बघितल्या, खिशातून मोबाईल काढून फोटो घेतले. आठवड्यानं परत आला तेव्हा त्याचं ठरलेलं होतं.

“आप्पा, मी ऑफिसच्या सिव्हिलवाल्याला दाखवलं. त्यो म्हणतोय पावसाच्या आत पाडा. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय मी.”

“काय सांगटलंस?”

“मागची खोली पाडायची. पुढं नवीन कॉलम घेऊन बांधूया, नायतर नको बांधायला. तुम्ही तसं बी बेळगावलाच येणार.”

“खोली पाडायची न्हाय.”

“आप्पा, तुम्ही तिथं झोपालाय! भिंत अंगावर आली म्हंजे? आई गेली, आता तुमचं काय झालं तर मी लोकाला काय तोंड दाखवू? तुम्हीच सांगता न्हवं, जिवंत भेगंच्या खोलीत झोपू नये म्हणून?”

कलगोंडाला राग आला, कारण पोरगा बरोबर होता. त्या खोलीत अक्काताईनं केलेल्या पोळ्यांची वाफ वाशांना धरली होती. शेगडीमागं तिच्या हाताचा तेलकट डाग होता, उजव्या हाताचा, उठताना टेकायची तिथं. जेसीबीला हे पाडायला अर्धा तास लागला असता. पण असं काही त्याला बोलता येत नव्हतं. त्याला भिंतीचंच बोलता येत होतं.

“एक म्हयना दे,” तो म्हणाला. “आज काच मारतो. म्हयनाभर टिकली तर भेग मेली. खोली ऱ्हाईल. फुटली तर आण तुझा जेसीबी.”

“फुटली तर मग काय बोलायचं न्हाय.”

“न्हाय बोलत.”

काच जिनेंद्रच्या समोरच लावली. तारीख जिनेंद्रनं घातली. त्या दिवशी भेगेत कलगोंडाची चपटी पेन्सिल अर्धी आत जात होती.

चार दिवसांनी सकाळी धोंडूबाई वाटीतून आंबाड्याची भाजी घेऊन आली. ती मागच्या अंगणातून यायची. कलगोंडा कोपऱ्याशी उकिडवा बसून पाया बघत होता.

“काय घावलं काय?”

“काय न्हाय आक्का.”

धोंडूबाईनं वाटी पायरीवर ठेवली. मग सहज, भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं म्हणाली, “आता जिवाणी कोण सोडतंय रं तुमच्यात?”

“काय?”

“जिवाणी. पाणी गाळल्याली. अक्काताई सोडायची की रोज. सकाळ-संध्याकाळ, ह्या हितं.” तिनं पायाच्या बोटानं कोपऱ्याजवळची जमीन दाखवली.



त्यांच्या घरांत पूर्वी सगळ्या बायका ते करायच्या. पिण्याचं पाणी दुहेरी कापडातून गाळायचं. कापडावर जे राहतं, डोळ्यांना दिसो न दिसो, त्यात जीव असतात. ते कापड गाळलेल्याच पाण्यानं उलटं धुवायचं आणि ते धुवण, ती जिवाणी, ज्या पाण्यातून काढली त्याच पाण्यात परत सोडायची. म्हणजे ते जीव आपल्या ठिकाणी जातात, मरत नाहीत. त्याच्या आईनं आडात जिवाणी सोडण्यासाठी वेगळी कडीची बादली ठेवली होती, पाण्याला टेकल्यावर मगच उलटी होणारी. नळ आले तशी बहुतेक घरांतून ही रीत गेली.

“आड तर बुजीवला मी,” तो म्हणाला.

“म्हणून काय झालं? मी बी तिला म्हटलं हुतं, आगं बुजीवल्याल्या आडात काय सोडतीस? म्हणाली, वरनं बुजीवलाय आक्का, खाली पाणी हाय की. वाट म्हायती असती त्यास्नी, जात्यात बरोबर.” धोंडूबाई हसली. “येडी हुती जरा. एकतीस वर्सं एक दिवस चुकली न्हाय बाई. आजारी असली की तुला न्हाय सांगायची, मला हाक मारायची. तुला ठावं न्हाय व्हय?”

आता त्याला आठवलं. मागच्या दारात पोट सावरत उभी राहून ती म्हणाली होती, “जिवाणी कुठं सोडू मग?” आणि मुरमाची पाटी टाकत तो म्हणाला होता, “नळाच्या पाण्याला कसली आलीय जिवाणी? वत मोरीत.”

तांब्या घेऊन मागं जाताना त्यानं तिला हजार वेळा बघितलं होतं. बाया मागं पाणी टाकतात. विचारण्यासारखं त्यात काय आहे, असं वाटून त्यानं कधी विचारलं नव्हतं.

धोंडूबाई गेल्यावर त्यानं पहार आणली आणि कोपऱ्याबाहेर हातभर माती उकरली. एकतीस वर्षं भिजत राहिलेली काळी माती दोन महिन्यांत कोरडी पडून उभी फाटली होती. फटींत त्याचा हात कोपरापर्यंत गेला. काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आवळते, हे तो लोकांना सांगून सांगून कंटाळला होता. कोपरा नुसता आडाच्या काठावर बसला नव्हता. तो ओल्या मातीवर बसला होता, आणि ती माती रोज दोन वेळा कोणीतरी ओली ठेवत होतं. त्यानं आड बुजवून जी चूक केली होती ती एक तांब्या एकतीस वर्षं उचलून धरत होता.

आत्ता का, याचं उत्तर मिळालं होतं. कलगोंडा तिथंच मातीत बसला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा आत दार उघडल्याचा आवाज आला.

त्यानं तांब्यानंच सुरुवात केली. बादली ओतली असती तर माती एकदम फुगून कोपरा उचलला असता आणि होती ती भिंतही गेली असती. दोन तांबे सकाळी, दोन संध्याकाळी. पहिला तांब्या सोडला तेव्हा पाणी पसरलं नाही. जमिनीत सरळ गेलं आणि खाली कुठंतरी घोट घेतल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्या तांब्यालाही झाला. तिसऱ्या दिवसापर्यंत तो त्या आवाजासाठी थांबू लागला.

धोंडूबाईनं हे बघितलं आणि कुंपणावरून ओरडली, “नुसतं नळाचं पाणी कशाला वतालास? गाळ की! कापड हाय न्हवं तिचं?”

“मातीला पाणी पायजे आक्का. गाळल्यालं काय आन् न गाळल्यालं काय.”

“मग वत बाबा, वत. तू गवंडी, तुला जास्त कळतंय. तुलाच कळत हुतं एवढी वर्सं.”

त्या टोमण्यानंतर तो आत गेला आणि अक्काताईचं गाळायचं कापड शोधलं. घडी करून हंड्याच्या गळ्यात ठेवलेलं होतं. सकाळी तो पाणी गाळत असताना भरमू आला आणि दारातच थबकला.

“काय रं हे? गवंड्याचा उपाध्ये झालास व्हय? आता मंदिरात घंटा बडवायला बी जाणार काय?”

“गप बस. कापड कसं धरत्यात सांग. पाणी बाहीर चाललंय.”

“मला काय इचारतोस, मी अजून नळाला तोंड लावून पितोय,” भरमू म्हणाला. पण त्यानं कापडाची दोन टोकं धरली.

काच टिकून होती. आठ दिवस, दहा दिवस, बारा दिवस. मग एक दिवस कलगोंडा एका गिऱ्हाइकाच्या कामासाठी निपाणीला गेला आणि तिथं अडकला. परत येईपर्यंत संध्याकाळ कलली होती. तो घाईनं रिकामाच तांब्या उचलून मागं गेला. कोपरा ओला होता. आत्ताच पाणी सोडल्यासारखा, कडेला बारीक फेस.

पाऊस नव्हता. धोंडूबाई दोन दिवसांसाठी लोंढ्याला लेकीकडं गेली होती. भरमू त्याच्याबरोबरच निपाणीत होता. मागच्या दाराला आतून कडी होती. कलगोंडा वाकला आणि ओल्या मातीवर पायाचा ठसा आहे का बघितलं. नव्हता. त्यानं हातातला तांब्या बघितला. तो सकाळी पालथा घातला होता. आतून थंड आणि ओला होता.

त्या संध्याकाळी त्यानं पाणी सोडलं नाही. दोनदा सोडलं तर जास्त होईल म्हणून. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

सव्विसाव्या दिवशी काच फुटली.

तो खोलीत नव्हता. आत आला तर काचेचा एक तुकडा खाली पडलेला आणि दुसरा भिंतीवर. तो लगेच पुढं गेला नाही. कॉटवर बसला. चार दिवस राहिले होते. नवी काच लावून जुनी तारीख घालणं दोन मिनिटांचं काम होतं, जिनेंद्रचं अक्षरही साधं होतं. त्यानं आयुष्यात कधी खोटी तारीख घातली नव्हती. तरी त्यानं काचेचा तुकडा शोधला, पेन्सिल घेतली आणि भिंतीजवळ गेला.

मग त्याला नीट दिसलं. आधीच्या काचा फुटल्या तेव्हा दोन तुकड्यांत सूतभर अंतर पडलं होतं. भेग ओढली जात होती, म्हणून काच ताणून तुटली होती. ही काच तशी तुटली नव्हती. भिंतीवर उरलेल्या तुकड्याची कड चुरडली होती आणि खालचा तुकडा दाबानं उडून पडला होता. दोन्ही बाजूंनी रेटल्यावर काच अशी फुटते. त्यानं पेन्सिल भेगेत घालून बघितली. टोकसुद्धा जाईना.

भेग मिटत होती. कोपरा वर येत होता.

त्यानं नवी काच लावली नाही. जुनी होती तशीच ठेवली आणि पडलेला तुकडा कोनाड्यात ठेवला.

ठरल्या दिवशी जिनेंद्र आला. त्यानं चप्पल काढायच्या आधी भिंत बघितली.

“फुटली की, आप्पा.”

“फुटली. पर कशी फुटली ते बघ.” कलगोंडानं तुकडा त्याच्या हातात दिला. “कड बघ. चुरा झालाय. ही वडून फुटली न्हाय, दाबून फुटलीया.”

“काच फुटली म्हंजे फुटली. तुम्हीच म्हटलता, मग काय बोलायचं न्हाय.”

“पेन्सिल घाल त्यात.”

“आप्पा...”

“घाल म्हणतो. तुझ्यासमोर अर्धी जात हुती.”

जिनेंद्रनं पेन्सिल घेतली. वर घालून बघितली, मधे बघितली, खिडकीच्या कोपऱ्याशी बघितली. मग मोबाईलमधला जुना फोटो काढला आणि भिंतीशेजारी धरला. बराच वेळ तो एकदा फोटोकडं आणि एकदा भिंतीकडं बघत होता.

“काय केलासा तुम्ही?”

कलगोंडानं सांगितलं. मातीचं सांगितलं, आडाचं सांगितलं, त्यानं अक्काताईला काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. निपाणीहून उशिरा आलेल्या संध्याकाळचं तेवढं सांगितलं नाही. शेवटी जिनेंद्र म्हणाला, “मी लहान असताना विचारलं होतं आईला. काय करालीस म्हणून. म्हणाली, पाहुण्यांस्नी घरला सोडालोय.”

दोघं मागं गेले. संध्याकाळची वेळ होती. कलगोंडानं गाळलेल्या पाण्यात कापड उलटं धुतलं आणि तांब्या भरून मुलाकडं दिला.

“वरनं टाकू नगं. हात खाली घे. सावकाश.”

जिनेंद्र वाकला आणि त्यानं पाणी सोडलं. पाणी मातीत गेलं. खालून तो आवाज आला. जिनेंद्रचा हात तसाच थांबला.

“काय वाजलं, आप्पा?”

“माती.”

जिनेंद्रनं तिथंच उभं राहून जेसीबीवाल्याला फोन केला. आता नको म्हणाला, पुढं सांगतो म्हणाला. बेळगावला चला, हे मात्र त्यानं पुन्हा काढलं. कलगोंडा म्हणाला, “मी आलो तर हितं कोण?” जाताना जिनेंद्र खोलीत एकदा डोकावून म्हणाला, “भेग तरी बुजवून घ्या आता. वाईट दिसतंय.”

“आत्ता न्हाय बुजवता येत,” कलगोंडा म्हणाला.

मिटत आलेली भेगही लगेच भरत नाहीत. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा, तिन्ही ऋतू तिच्यावरून जाऊ द्यायचे असतात. उन्हाळा झाला होता. दोन बघायचे राहिले होते.